कोणीतरी मागे राहिलंय

रत्ना कागद दाखवायची आणि लगेच पाठीमागे लपवायची. तो डोळ्यांसमोर येतो न येतो तोच नाहीसा, आणि प्रश्न हजर, "काय दिसलं?"

पहिल्यांदा तिने हे माझ्यावर केलं, तेव्हा माझा त्या ऑफिसातला पहिला दिवस होता. नाशिक सोडून मी नुकतीच म्हैसूरला आले होते. जयलक्ष्मीपुरममधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती, मोबाइल ॲप तयार करणारी. मी प्रोग्रॅमर. माझी खुर्ची कुठली हेही अजून ठरलं नव्हतं आणि ही किरकोळ अंगाची, चष्मा लावलेली, बोटांना शाई लागलेली मुलगी माझ्यापुढे उभी. मी आपलं प्रामाणिकपणे सांगितलं, "वर एक नकाशा होता, त्याच्याखाली वेळ, मग कसलेतरी आकडे, आणि कोपऱ्यात लाल काहीतरी."

"चार गोष्टी," ती म्हणाली आणि तिने तो कागद टरकन फाडला. "मेला."

"कोण मेला?"

"सायकलवरचा माणूस. तुम्ही चार गोष्टी बघत बसलात ना, तेवढ्यात खड्ड्यात गेला तो."

एवढं बोलून ती आपल्या जागेवर गेली आणि नवा कागद काढायला बसली. मला वाटलं, आपण नोकरी बदलली ती चूक झाली. दोन आठवड्यांनी मला वाटायला लागलं की आपण इतकी वर्षं काम केलं ते नेमकं काय केलं. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या माणसाबद्दल इतका दबदबा मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

तिचं पूर्ण नाव नागरत्ना. घर लष्कर मोहल्ल्यात. तिच्या घराण्यातले लोक कितीतरी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून म्हैसूरला आले ते कापड रंगवायला आणि छापायला. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी ऐकून माझी आजी गोंधळली असती. 'सुम्ने' म्हणजे उगाच आणि 'स्वल्प' म्हणजे जरासं, हे दोन कानडी शब्द काढून घेतले असते तर रत्ना मुकी झाली असती. मराठीत एखादा शब्द अडला की ती कानडीत उडी मारायची, तिथून इंग्रजीत, आणि वाक्य संपवायला पुन्हा मराठीत यायची. मी कधी तिला अडवून योग्य शब्द सुचवला की म्हणायची, "अक्का, तू बातम्यांसारखी बोलतेस गं. घरी पण असंच बोलता काय?" ती पहिल्याच आठवड्यात मला अक्का म्हणायला लागली होती. 'तुम्ही' कधी सुटलं ते कळलंही नाही.

आम्ही जे ॲप करत होतो ते गटाने सायकल चालवणाऱ्यांसाठी होतं. कल्पना आमच्या मालकांची, प्रसन्न यांची. त्यांच्याकडे एक भारी सायकल होती, जी रस्त्यापेक्षा भिंतीवर जास्त असायची. त्यांच्या डोक्यातलं चित्र अगदी स्पष्ट होतं. लोक रविवारी सकाळी गटाने निघणार, ॲप सांगणार की पुढे कोण, मागे कोण, कुणाचा वेग किती. जिंकणाऱ्याला पदक मिळणार आणि बाकीचे त्याचं अभिनंदन करणार. "लोकांना आपला नंबर बघायला आवडतो," असं ते प्रत्येक बैठकीत म्हणत. मलाही ते पटत होतं. असली ॲप मी आधी केली होती, डोळे मिटून करता आली असती.

रत्नाने मात्र कॉम्प्युटरला हातच लावला नाही. रविवार आला की ती आईची जुनी लेडीज सायकल घेऊन एका गटाबरोबर जायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सायकल ठणठणीत होती. तो गट काही मोठा नव्हता. बँकेतल्या बाई, दोन प्राध्यापक, एक दंतवैद्य, असे सगळे इलवालच्या बाजूला जाऊन इडली-वडा खाऊन परत येणारे. सायकलवर घालवलेल्या वेळापेक्षा हॉटेलात घालवलेला वेळ जास्त. त्यांच्यात ही जाऊन बसायची आणि फोनबद्दल अवाक्षर न काढता भलतेच प्रश्न विचारायची. घरून निघताना कुणाला सांगून येता? दम लागला तर काय सांगता?

या दुसऱ्या प्रश्नावर तर ती खूषच झाली होती. "अक्का, दम लागला म्हणून कोण पण सांगत नाही बघ! चेन पडली म्हणतात. फोन आला म्हणतात. नाही तर सायकल थांबवून तळ्याचा फोटो काढतात." म्हैसूरच्या आसपासच्या तळ्यांचे एवढे फोटो का निघतात, ते मला तेव्हा कळलं.

एकदा तिने मला तिच्या घरी जेवायला नेलं. खाली बंद पडलेला छापखाना, वर दोन खोल्या. कापडावर ठसे मारण्याचं काम तिच्या वडिलांनी, अप्पांनी, शेवटपर्यंत टिकवलं होतं. गिऱ्हाईकच उरलं नाही तेव्हा बंद केलं. अप्पा उंच, ताठ, पांढऱ्या शुभ्र शर्टातले. त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी रत्नाच्या लहानपणाची एक गंमत सांगितली, भात वाढेपर्यंत पुन्हा माझं नाव विचारलं, आणि ताक घेताना पुन्हा. दरवेळी तेवढ्याच अदबीने. मी दरवेळी सांगितलं.

जेवण झाल्यावर मी त्यांना कामाबद्दल विचारलं आणि त्यांच्या अंगात वेगळाच माणूस आला. त्यांनी ट्रंकेतून छापलेली एक जुनी चादर काढली, माझ्यासमोर फटकन उघडली, तशीच फटकन मिटली आणि म्हणाले, "काय दिसलं?"

मी रत्नाकडे पाहिलं. ती हसत होती.

"बाजारात बाई कापडाकडं बघणार किती वेळ?" अप्पा म्हणाले. "एवढंच. तेवढ्यात एक दिसलं पाहिजे. मोर तर मोर, कोयरी तर कोयरी. एका ठशाला एकच रंग, बाई. दोन लावायला गेलं की दोन्ही जातात." मग ते जरा थांबले आणि त्यांनी माझं नाव विचारलं.

परत सोडायला येताना रत्नाने सगळं सांगितलं. अप्पांचं विसरणं वर्षभर वाढत चाललं होतं. कॉफीची पूड आणायला सायकलवरून गेलेले अप्पा एकदा संध्याकाळी श्रीरंगपट्टणच्या पुलाजवळ सापडले होते. पुडी हातातच होती. तिचा मोठा भाऊ महेश बंगळूरला नोकरीला. त्याने ठरवून टाकलं होतं, दसरा झाला की सायकल विकायची आणि अप्पांच्या मनगटाला ठिकाण दाखवणारं घड्याळ बांधायचं. त्याचंही काही चूक नव्हतं. त्या दिवशी तो सुट्टीला आला होता आणि गावभर तोच अप्पांना शोधत फिरला होता.

"सायकलवर बसले की अप्पा अप्पा असतात गं," रत्ना म्हणाली. "उतरले की स्वल्प कमी होतात. सायकल काढून घेतली तर खुर्चीत बसतील. आणि एकदा बसले की झालं, अक्का."

"पण मग घड्याळ बांधायला काय हरकत आहे? निदान कळेल तरी कुठे आहेत ते."

"कळून मी काय करू? ते तिकडे, मी इकडे ऑफिसात ठिपका बघत बसू? ठिपका नको मला. सोबत पाहिजे. त्यांच्या बाजूला कोण तरी पाहिजे. आणि चुकलात म्हणून सांगितलं ना, तर इतका राग येतो त्यांना! त्या दिवशी पुलाजवळ महेशअण्णाने सांगितलं, तर त्याच्या हाताला हिसडा मारून पुढे गेले."

ती काय करायला निघाली होती ते मला तिथे, त्या रस्त्यावर कळलं. प्रसन्न यांना स्पर्धेचं ॲप हवं होतं. हिला अप्पांना एकट्याने फिरायला लागू नये असं काहीतरी हवं होतं, आणि हातात वेळ होता दसऱ्यापर्यंतचा. रविवारी तो गट अप्पांना सांभाळून न्यायला शिकला, तर त्याच ॲपवर रोज सकाळी त्यांच्या रस्त्याने जाणारा एखादा सोबतीही मिळेल, असा तिचा हिशेब होता. मी म्हटलं, मग गटाला सरळ सांग ना, माझ्या वडिलांकडे लक्ष ठेवा. ती म्हणाली, "लक्ष ठेवतील की. मग अप्पांना ते कळणार. मग संपलं."

प्रसन्न यांच्या आग्रहाखातर आम्ही पहिली चाचणी त्यांच्या पद्धतीने घेतली. गटातलं कोणी फार मागे पडलं की सगळ्यांच्या फोनवर त्याचं नाव यायचं, म्हणजे बाकीच्यांनी थांबावं. पहिलंच नाव आलं शैलजाबाईंचं. बँकेतल्या त्याच या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्या पुन्हा सायकलवर बसल्या होत्या. सगळे थांबले, टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत झालं. हॉटेलात शैलजाबाई स्वतःवर इतके विनोद करत होत्या की हसून हसून आमची पुरेवाट झाली. प्रसन्न माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होते. चाचणी यशस्वी!

रत्ना वडा तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत होती. परतताना माझ्याजवळ सायकल आणून म्हणाली, "त्या येणार नाहीत आता."

"अगं, सगळ्यांत जास्त त्याच हसल्या."

"म्हणूनच."

पुढच्या रविवारी शैलजाबाईंच्या घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारीही होते. मग रत्ना घरी केलेली चिरोट्यांची बशी घेऊन त्यांच्याकडे गेली, तिथे नेमकं काय बोलली ते तिने मला कधी सांगितलं नाही, पण त्या परत आल्या. आणि सोमवारी रत्नाने एक कागद माझ्यासमोर धरला आणि लपवला.

"काय दिसलं?"

"पिवळा," मी म्हणाले.

"अजून?"

"काही नाही. नुसता पिवळा."

"अष्टे," ती म्हणाली. म्हणजे, एवढंच. तो कागद तिने फाडला नाही.

सगळं ॲप त्या एका रंगावर उभं राहिलं. गट एकत्र असला की प्रत्येकाचा फोन हिरवा. कोणी दुरावलं की सगळे फोन जरासे थरथरणार आणि हळदीसारखे पिवळे होणार. नाव नाही, नकाशा नाही, अंतर नाही. पिवळं दिसलं की सावकाश व्हायचं आणि सुरक्षित जागा बघून थांबायचं. लाल रंग मी सुचवला होता, तर म्हणाली, "लाल बघितलं की माणूस घाबरून ब्रेक मारतो. मागचा त्याच्यावर आपटतो." दर रविवारी एकाकडे गटाची जबाबदारी असणार आणि फक्त त्याला नकाशा उघडता येणार, तोही पिवळं बराच वेळ गेलं नाही तरच.

मी ते लिहायला बसले आणि अडले. "रत्ना, जो मागे राहिलाय त्याच्या फोनवर काय दाखवायचं?"

"पिवळंच."

"पण मागे तर तोच आहे."

"हो. त्याला पण तेच दाखव. कोण तरी मागे राहिलंय. त्याला वाटू दे, दुसरं कोण तरी आहे म्हणून."

"म्हणजे आपण त्याच्याशी खोटं बोलायचं?"

"खोटं काय त्यात? कोण तरी मागे आहे हे खरंच की नाही?" तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. तसं करताना ती नेहमी एकदम लहान दिसायची. "सगळ्यांना एकच रंग, अक्का. बाजूबाजूला फोन धरून बघितले तरी कळता कामा नये. आणि पुढे पळाला तो पण तसाच. जो सोबत नाही तो मागेच."

मी खुर्चीवर मागे टेकून नुसती तिच्याकडे बघत राहिले. शैलजाबाईंचा गुडघा, तळ्यांचे फोटो, अप्पांचा राग, कापडावरचा ठसा, हे सगळं त्या एका पिवळ्या चौकोनात येऊन बसलं होतं, आणि वापरणाऱ्याला त्यातलं काहीही कधी कळणार नव्हतं. आमच्या धंद्यात माणसाचं लक्ष खेचून घेण्यासाठी काय काय करतात ते मी जन्मभर पाहिलं होतं. माणसाची लाज राखण्यासाठी कोणी इतकी अक्कल वापरलेली मी पहिल्यांदा पाहत होते. मला खरंच हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही, तर म्हणाली, "सुम्ने नाटक करू नकोस, कोड लिही."

प्रसन्न अर्थातच भडकले. नाव नाही, नंबर नाही, तर माणूस ॲप उघडेल कशाला? रत्ना त्यांच्याशी एकदाही वाद घालत बसली नाही. फक्त म्हणाली, "सर, दसऱ्यापर्यंत चालवून बघू. नंतर तुम्ही म्हणाल तसं." मालक लोकांना 'तुम्ही म्हणाल तसं' हे वाक्य फार आवडतं. ते हो म्हणाले.

त्या ॲपचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मला हे लिखाण माझ्या मनासारखं संपवता येईल. वर्ष-दीड वर्ष ते आमच्या गटात आणि आणखी काही गावांत चाललं. मग ते एका मोठ्या कंपनीने घेतलं आणि पहिल्याच बदलात नावं आणली, नंबर आणले, पदकं आणली. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी रत्नाने राजीनामा दिला. आदळआपट नाही, भाषण नाही. शाईच्या बाटल्या पिशवीत भरल्या, मला मिठी मारली आणि गेली. आता ती दुसऱ्या गावी एका शाळेसाठी काहीतरी करते. काय करते ते फोनवर विचारलं की म्हणते, "अजून बघतेय गं."

तर तो रविवार. दसऱ्याच्या आधीचा. गावात दिव्यांच्या माळा लागल्या होत्या आणि पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते, म्हणून आम्ही गाव सोडून हुणसूर रस्त्याने निघालो. अप्पा तोवर गटात चांगलेच रुळले होते. पँटच्या पायाला क्लिपा, डोक्याला हेल्मेट, ज्याला ते पातेलं म्हणत, आणि ती काळी उंच सायकल. हँडलला फोन बसवलेला. रोज सकाळी रत्ना त्यांना घेऊन गल्लीतून फिरायची आणि पिवळं झालं की थांबायचं, एवढं एकच घोकून घ्यायची. त्यांच्या ते लक्षात राहायचं की नाही, हे तिलाही सांगता येत नव्हतं. रविवारी मात्र ती कायम त्यांच्या बाजूला असे.

महेश सणासाठी आला होता आणि सायकलचं काय ते ठरवायलाही. शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन तो आमच्याबरोबर निघाला. "मला बघू दे तरी तुमचा हा प्रकार," असं म्हणाला. बिचाऱ्याला सवय नव्हती. चढावर त्याचा दम गेला आणि तो पार मागे पडला. सगळ्यांचे फोन पिवळे झाले. मागे एकटा महेशच दिसत होता, म्हणून रत्ना शैलजाबाईंना अप्पांजवळ राहायला सांगून त्याला आणायला मागे वळली.

इलवालच्या पुढे एक रस्ता उजवीकडे धरणाच्या पाण्याकडे वळतो. तिथे वळायचं ठरलं होतं. वळून जरा आत, झाडाखाली आम्ही थांबलो; तिथून मोठा रस्ता दिसत नव्हता. मागे मोठ्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला होता, शैलजाबाईंना पाय टेकावा लागला होता आणि तेवढ्यात अप्पा पुढे निघून गेले होते. ते पुढच्या घोळक्यात असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. थोड्या वेळाने रत्ना आणि महेश आले. महेश घामाने चिंब, हसत हसत म्हणाला, "आयतु, झालं, आलो. मीच होतो ना मागे?"

फोन पिवळाच होता.

"बिघडलं तुमचं," महेश म्हणाला. "सगळे तर आले."

रत्नाने सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. त्या रविवारची जबाबदारी माझ्याकडे होती. मी नकाशा उघडला. अप्पा वळले नव्हते. त्यांचा ठिपका सरळ हुणसूरच्या दिशेने चालला होता, ट्रक आणि बस सुसाट जातात त्या रस्त्याने. "पिरियापट्टण," रत्ना म्हणाली. "संतेला निघालेत." तरुणपणी दर आठवड्याच्या बाजाराला अप्पा छापील कापडाचे गठ्ठे घेऊन तिकडे जायचे.

आम्ही बघत असतानाच ठिपका थांबला.

पुढे सरकेना. महेश हळूच म्हणाला, "पडले." मी रत्नाकडे पाहिलं, तर ती तिथे नव्हतीच. आईच्या त्या जुन्या सायकलवर ती इतक्या जोरात निघाली होती की आमच्यातल्या भारी सायकलवाल्यांनाही तिला गाठता आलं नाही. मी पेडल मारत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, हिने नाव काढून टाकलं, नकाशा लपवला, आता या माणसाला काही झालं तर ही स्वतःला कधी माफ करणार नाही.

रस्ता एका मोठ्या झाडाखालून वळत होता. तिथे अप्पा उभे होते. सायकल नीट स्टँडवर लावलेली, रस्त्यापासून आत. एक हात सीटवर, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली धरून ते आम्ही आलो त्याच दिशेला बघत होते. त्यांच्या हँडलवरचा पिवळा फोन आम्ही जवळ पोचताच हिरवा झाला. माझाही झाला.

"किती वेळ!" अप्पा चिडून म्हणाले. "ऊन चढलं की. मी एकटा थांबलोय इथं. मागं कोण राहिलं होतं?"

महेशने तोंड उघडलं. तो काय बोलणार होता ते मला ठाऊक होतं, आणि त्याला बोलायचा हक्कही होता. पण रत्ना आधी बोलली. तिला श्वास पुरत नव्हता.

"मी, अप्पा. मी मागे राहिले होते."

अप्पांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी तिच्या हेल्मेटवर हात ठेवला, लहान मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा. "मग हाक मारायची नाही काय, पुट्टी? घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली. "स्वल्प."

महेशने पुढे होऊन अप्पांची सायकल स्टँडवरून काढली, म्हैसूरच्या दिशेला वळवली आणि अप्पा बसेपर्यंत हँडल धरून ठेवलं. ती विकायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. "चला अप्पा," तो म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा."

"मी कशाला पुढं? हिला पुढं घाल," अप्पा म्हणाले. "मी मागून येतो. नाही तर परत राहील ही."

रत्नाने चष्मा पुसला आणि ती पुढे झाली.